पेचेक आला पंधराशेचा

थँक्सगिव्हिंगच्या दोन आठवडे आधीची गोष्ट, २०२४ मधली. मंगळवार सकाळ, टीमची रोजची मीटिंग चालू होती, मी म्यूटवर चहा पीत बसलेलो, आणि पेरोलमधल्या बाईंचा मेल आला. विषयाच्या ओळीत माझं नाव आणि पुढे 'लेव्ही ऑन वेजेस', म्हणजे थकलेल्या टॅक्सपोटी पगारातून परस्पर वसुली. मला आधी वाटलं फिशिंग आहे, कंपनी अधूनमधून आपली परीक्षा घ्यायला असले मेल टाकते ना, तसलं काहीतरी, म्हणून रिपोर्ट करायलाच निघालो होतो. तेवढ्यात त्याच बाईंचा टीम्सवर मेसेज, "मेल बघितलास का? तीन दिवसांत फॉर्म परत हवाय."

अटॅचमेंट उघडली. फॉर्म ६६८-डब्ल्यू. वर माझं नाव, एसएसएनचे, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबरचे, शेवटचे आकडे, टॅक्स वर्ष २०२१, आणि खाली रक्कम दहा हजार एकशे काहीतरी डॉलर. आणि माझा पत्ता न्यू जर्सीतल्या एडिसनच्या जुन्या अपार्टमेंटचा, जिथून आम्ही दीड वर्षापूर्वी निघालो होतो.

बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे पण आपण दरवर्षी टॅक्स भरतो ना?" भरतो. तेच तर. मी आयुष्यात एकदाही रिटर्न उशिरा भरलेलं नाही, उलट फेब्रुवारीत भरून मोकळा होणारा माणूस मी, आणि आता माझा पगार सरकार परस्पर घेणार आणि ते मला कंपनीकडून कळतंय. लाज वाटली खरं सांगायचं तर. पैशांची भीती नंतर, आधी लाज. पेरोलच्या बाईंना काय वाटलं असेल, मॅनेजरला कळलं असेल का, आणि एच-१बी व्हिसावर असल्यामुळे डोक्यात लगेच पुढचं सगळं, ग्रीन कार्ड, त्याचा आय-१४० अर्ज, कुठल्या कुठे. मॅनेजरला काही कळलेलं नव्हतं हे नंतर समजलं. पेस्लिपवर ग्रॉस पगार तोच राहतो, फक्त खाली कपातीची एक ओळ वाढते.

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण माझ्यासारखे कंपनीचे स्टॉक मिळणारे इथे ढिगाने आहेत.

२०२१ मधे माझे आरएसयू, म्हणजे कंपनीने द्यायचे कबूल केलेले शेअर, व्हेस्ट झाले, म्हणजे माझ्या नावावर आले, मी ते आठवड्याभरात विकले, एकूण ३६,००० डॉलर आले. व्हेस्ट होतानाच कंपनीने टॅक्स कापला होता आणि ती सगळी रक्कम डब्ल्यू-२ मधे, म्हणजे कंपनीच्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यात, पगारात मिळवलेली होती. तर माझं डोकं असं चाललं की टॅक्स तर कापला, आता परत कशाला दाखवायचं, डबल होईल की. म्हणून ब्रोकरचा १०९९-बी, म्हणजे शेअर विकल्याचा कागद, मी सॉफ्टवेअरमधे टाकलाच नाही. त्या वर्षी रिटर्न मी स्वतः भरलं होतं, चाळीस मिनिटांत, आणि मित्रांना वर सांगितलं होतं की सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, पैसे कशाला देता.

गंमत अशी की आरएसयूची कॉस्ट बेसिस, म्हणजे खरेदीची किंमत, म्हणून पगारात धरलेली रक्कम ब्रोकर सहसा आयआरएसला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, कळवत नाही. त्यामुळे १०९९-बी वर त्या रकान्यात बऱ्याचदा शून्य येतं. खरी बेसिस असते सप्लिमेंटल नावाच्या वेगळ्या कागदावर, जो फक्त आपल्याला मिळतो, त्यांना नाही. आपण फॉर्म ८९४९ वर बी कोड टाकून ती दुरुस्ती करायची असते. मी फॉर्मच भरला नाही, म्हणजे कॉम्प्युटरला दिसलं की या गड्याने शून्याला घेतलेले शेअर ३६,००० ला विकले आणि चक्क गिळून टाकले. २२ टक्क्यांनी ७,९२० टॅक्स, वर २० टक्के पेनल्टी, वर व्याज. त्यांच्या बाजूने बघितलं तर हिशोब बरोबरच आहे, दुसरा कागद दिलाय कुणी त्यांना?

बरं असं काही निघालं तर ते एकदम पगारावर येत नाहीत. आधी सीपी २००० येतं, की बाबा तुझ्या रिटर्नमधे आणि आमच्याकडच्या माहितीत फरक आहे, पटतंय का सांग, तीस दिवस. उत्तर नाही आलं की नोटीस ऑफ डेफिशियन्सी, त्यात नव्वद दिवसांत टॅक्स कोर्टात जायचा हक्क. तेही गेलं की टॅक्स रीतसर तुमच्या नावावर चढतो, मग बिल, मग आठवणीची पत्रं, मग सीपी ५०४, आणि शेवटी एलटी ११, ही रजिस्टर्ड पोस्टासारखी सर्टिफाइड मेलने येते. तिच्यापासून तीस दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागितली तर लेव्ही थांबते. इतके दरवाजे असतात हो. मी एकही ठोठावला नाही कारण मला पत्ताच नव्हता, आणि त्यांच्याकडे माझा पत्ता नव्हता.

आम्ही मे २०२३ मधे एडिसनहून मन्रोला घर घेऊन आलो. लायसन्सचा पत्ता बदलला, बँकेचा बदलला, शाळेचा, कॉस्टकोचासुद्धा बदलला. पोस्टात फॉरवर्डिंग टाकायचं राहून गेलं, आज टाकू उद्या टाकू करत. सीपी २००० ची तारीख जून २०२३. आयआरएस पत्ता घेते शेवटच्या रिटर्नवरचा, आणि २०२३ चं रिटर्न एप्रिल २०२४ मधे भरलं ते एका ओळखीच्या माणसाकडून, घर घेतलंय आता नीट करू म्हणून. त्याने सॉफ्टवेअरमधे गेल्या वर्षीचा डेटा पुढे ओढला. जुना पत्ता जसाच्या तसा. मी पीडीएफवर सही केली, वरचा पत्ता वाचलाच नाही. कोण वाचतं स्वतःचा पत्ता?

आणि कायदा असा की शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवली की बास, तुमच्या हातात पडली की नाही हा प्रश्नच नाही.

एक खूण मात्र मिळाली होती आणि ती मी घालवली. २०२३ च्या रिटर्नचा १,३८६ डॉलर रिफंड यायचा होता, तो आलाच नाही. बायको दर महिन्याला विचारायची, मी म्हणायचो येईल गं, उशीर होतोय सगळ्यांना. ऑनलाइन ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे आयआरएसकडच्या आपल्या खात्याचा उतारा, बघायला पाच मिनिटं लागली असती. लेव्ही आल्यावर रात्री आयडी.मी या ओळख पटवायच्या साइटवर चेहरा स्कॅन करून लॉगिन केलं आणि २०२३ च्या ट्रान्सक्रिप्टमधे ओळ सापडली, कोड ८२६, क्रेडिट ट्रान्सफर्ड आउट, १,३८६. आणि २०२१ च्या खात्यात कोड ७०६, तेच पैसे आत आलेले. त्याच्या वरती कोड २९०, वाढीव टॅक्स, ७,९२०. आणि मधे मधे ९७१, ९७१, ९७१, प्रत्येकापुढे एक तारीख. ९७१ म्हणजे नोटीस पाठवली. त्या एकेका तारखेला मी काय करत होतो ते आठवत बसलो, एका तारखेला आम्ही पोकोनोजला होतो, एकदा मुलीचा वाढदिवस होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एडिसनच्या त्या अपार्टमेंटवर गेलो. दार एका गुजराती आजींनी उघडलं. मी नाव सांगायच्या आत त्या आत गेल्या आणि पटेल ब्रदर्सची पिशवी घेऊन आल्या, "भाई, आ तमारुं छे ने?" जपून ठेवलेलं सगळं. त्यात आयआरएसची सहा पाकिटं, खिडकीवाली, एकही फोडलेलं नाही, एका लग्नाची पत्रिका, दोन क्रेडिट कार्डच्या ऑफर, आणि पोस्टमनने सोडलेली पिवळट चिठ्ठी की सर्टिफाइड पत्र आहे, सहीला कुणी नव्हतं. आजींनी विचारलं चहा घेणार का. मी गाडीत बसून ती पाकिटं तारखेप्रमाणे लावली आणि पार्किंगमधेच सगळी वाचली. पहिल्या पत्रात इतकं सोपं विचारलं होतं की रडू यावं. सहमत आहात की नाही, खूण करा.

आता चुका. पहिली चूक ही की मी त्या रिटर्नवाल्या ओळखीच्या माणसाला फोन केला आणि तो म्हणाला "टेन्शन घेऊ नका सर, मी बघतो", आणि मी दहा दिवस वाट बघितली. तो काय बघणार, त्याच्याकडे फॉर्म २८४८ ची पॉवर ऑफ अॅटर्नीसुद्धा नव्हती, त्याच्याशी कुणी बोलणारच नव्हतं. दुसरी चूक, त्या दहा दिवसांत रेडिओवर जाहिराती करतात तसल्या एका टॅक्स रिलीफवाल्यांना फोन केला. पलीकडच्या माणसाने माझं काहीही न ऐकता सांगितलं की आम्ही डॉलरमागे काही सेंटमधे मिटवतो, आधी ४,५०० भरा. दहा हजारांच्या देण्यासाठी साडेचार हजार फी, आणि तेही अशा देण्यासाठी जे मी लागतच नव्हतो. नशिबाने बायको शेजारी बसली होती, तिने हातातून फोन घेऊन कट केला.

एक गोष्ट मात्र वेळेवर केली, पेरोलचा फॉर्म. हे नीट लक्षात घ्या. लेव्हीच्या कागदांत एक भाग आपण भरून द्यायचा असतो, फायलिंग स्टेटस काय आणि अवलंबून माणसं किती. तीन दिवसांत दिला नाही तर कंपनी तुम्हाला विवाहित पण वेगळं भरणारा, अवलंबून कुणी नाही असं धरते, आणि मग दोन आठवड्यांच्या पगारातले फक्त ५६० च्या आसपास डॉलर तुमच्या हातात राहतात, २०२४ च्या हिशोबाने. मी जॉइंट आणि दोन मुलं लिहून दिलं तर दीड हजाराच्या आसपास राहिले. फरक बघा. आणि इथेच लोकांची गल्लत होते. क्रेडिट कार्डवाल्यांनी कोर्टातून पगार अडकवला तर टॅक्स वगैरे जाऊन उरलेल्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंतच घेता येतो. टॅक्सच्या लेव्हीत उलटं असतं, तुम्हाला किती ठेवायचं ते पब्लिकेशन १४९४ च्या तक्त्यात ठरलेलं, त्याच्या वरचं सगळं त्यांचं. कोर्टाची ऑर्डर पण लागत नाही. आणि एकदा घेऊन थांबत नाही, सुटका होईपर्यंत दर पेचेकला.

पहिला पगार, १५ तारखेचा, पूर्ण आला, कारण कंपनीला कागद मिळाल्यावर मधे एक पूर्ण पगारकाळ मिळतो. ती खरं तर मलाच मिळालेली मुदत होती, आणि मी ती "मी बघतो" वर काढली.

२६ नोव्हेंबरला शेवटी स्वतः फोन लावला. सातारचा एक मित्र आहे, जर्सी सिटीत असतो, त्याने एकच सल्ला दिला आणि तो सोन्याचा निघाला. तो म्हणाला, "फोनवर भांडू नकोस की मी लागत नाही म्हणून. आधी लेव्ही उठव, मग भांड. दोन वेगळी खाती आहेत ती." आणि खरंच, वसुलीच्या फोनवर बसलेल्या माणसाला तुमचा टॅक्स चुकीचा आहे की बरोबर हे ठरवायचं कामच नसतं. माझी आतून आग होत होती सांगायची, आरएसयू, बेसिस, सगळं, पण जीभ चावून बसलो.

सकाळी सात वाजता लावला, चाळीस मिनिटांनी एक बाई आल्या, नाव आणि बॅज नंबर सांगितला, मी वहीत लिहिला. एसएसएन विचारला, जन्मतारीख, मग पत्ता. मी मन्रोचा सांगितला. "हा जुळत नाही." एडिसनचा सांगितला. "जुळला." तिथेच पत्ता बदलून घेतला, नंतर फॉर्म ८८२२ पण पाठवला, ताक फुंकून पिणं म्हणतात ते. बाई शांत होत्या, दमात घेतलं नाही की काही नाही. सगळी रिटर्न भरलेली आहेत का, महिन्याला किती देऊ शकता, कुठल्या बँकेतून. देणं ५०,००० च्या आत असेल आणि ७२ महिन्यांत फिटणार असेल तर तेव्हा, २०२४ मधे, घरखर्चाचा सगळा तपशील मागत नसत. मी महिना ४५० सांगितले, ऑटो डेबिट. फोनवरून केल्याची फी १०७ डॉलर, ऑनलाइन केलं असतं तर २२ होती हे मागाहून कळलं, पण लेव्ही लागलेली असताना मला जिवंत माणसाशीच बोलायचं होतं. हप्ते ठरले की उशिराची पेनल्टी, जी लेव्हीच्या नोटिशीनंतर महिन्याला एक टक्का झालेली असते, ती पाव टक्क्यावर येते, रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर. व्याज चालूच राहतं.

मग त्या म्हणाल्या, "लेव्ही रिलीज करते, तुमच्या पेरोलचा फॅक्स नंबर द्या."

फॅक्स! २०२४ मधे! मी एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने टीम्सवर पेरोलच्या बाईंना लिहितोय, फॅक्स नंबर काय आपला, आणि त्या तिकडून लिहितायत की थांब, इमारतीत कुणाकडे आहे ते शोधते. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत लाइन कट झाली असती तर परत पहिल्यापासून. शेवटी लीगल डिपार्टमेंटचं एक मशीन सापडलं. तर ज्याला हा फोन लावायचाय त्याने आधी फॅक्स नंबर कागदावर लिहून घ्यावा, बाकी सगळं नंतर.

दुपारी फॉर्म ६६८-डी आला, सुटकेचा कागद. पण २९ तारखेचा पगार फोनच्या आदल्या दिवशीच लॉक झालेला. म्हणजे ब्लॅक फ्रायडेच्या दिवशी, सगळं जग टीव्ही घ्यायला पळत असताना, आमच्या खात्यात १,५०० आणि काही डॉलर आले. दोन हजारांहून थोडे जास्त तिकडे गेले. घराचा हप्ता २,८५०, बायकोचा वर्क परमिट रिन्यूअलला अडकलेला, तिचा पगार शून्य. बचत होती थोडी, तीतून निभावलं, उपाशी वगैरे राहिलो नाही, तसं नाटक करणार नाही. पण सांगलीला दर महिन्याला बाबांच्या फिजिओथेरपीचे पैसे जातात ते डिसेंबरचे गेले नाहीत. आईला म्हटलं बँकेचं काहीतरी अडकलंय.

अगदीच जेवणाखाण्याचे वांधे होत असतील तर फॉर्म ९११ भरून टॅक्सपेअर अॅडव्होकेटकडे जाता येतं, आयआरएसमधलाच पण स्वतंत्र विभाग आहे, फुकट. मला गरज पडली नाही, पण कुणाला पडेल म्हणून लिहून ठेवतो.

मग दुसरं खातं उघडलं, भांडणाचं. याला ऑडिट रिकन्सिडरेशन म्हणतात, म्हणजे लावलेला टॅक्स परत तपासायला लावणं. जानेवारीत पाकीट पाठवलं, त्यात फॉर्म ८९४९ आणि शेड्यूल डी, ब्रोकरचा सप्लिमेंटल कागद, व्हेस्ट झाल्याच्या प्रत्येक तारखेची स्टेटमेंट, डब्ल्यू-२, डिसेंबर २०२१ ची पेस्लिप जिच्यात आरएसयूची रक्कम वेगळी दिसते, आणि वर एका पानाचं पत्र. पत्र आधी मी तीन पानांचं लिहिलं होतं, आमची सगळी रामकहाणी, मित्राने दोन पानं फाडली. राहिलं ते एवढंच, की विक्री ३६,०००, बेसिस ३५,४१०, नफा ५९०, पुरावा सोबत. सर्टिफाइड मेलने पाठवलं, यावेळी चिठ्ठी मी जपून ठेवली.

म्हणजे खरा टॅक्स किती होता? ५९० चे २२ टक्के. १३० डॉलर. एवढ्यासाठी हे सगळं. आणि ते १३० मी खरंच लागत होतो, त्यामुळे पूर्ण साव आहे असंही म्हणता येत नाही.

मधल्या काळात दर महिन्याला ४५० जात राहिले, ते बंद करायचे नाहीत, भांडण चालू आहे म्हणून हप्ता बुडवला की करार मोडतो आणि परत लेव्ही. न्यू जर्सी स्टेटचंही एक बिल आलं, त्यांना फेडरलकडून माहिती जातेच, त्यांनाही तेच कागद पाठवले, ते लवकर मिटलं.

जुलै २०२५ मधे पत्र आलं. टॅक्स कमी केला, पेनल्टी काढली, जास्तीचे घेतलेले परत. लेव्हीचे, हप्त्यांचे आणि तो हरवलेला १,३८६ चा रिफंडसुद्धा, व्याजासकट. १०७ काही आले नाहीत. चेक मन्रोच्या पत्त्यावर आला, पाकिटावर आमचा पत्ता बरोबर छापलेला, बायकोने उघडायच्या आधी त्याचा फोटो काढला. आता पोस्टाची ती सोय घेतलीये, रोज सकाळी येणाऱ्या पाकिटांचे फोटो मेलवर येतात, ती चहाबरोबर बघते आणि मला फॉरवर्ड करते, जाहिराती असल्या तरी.

रिटर्नवाल्या माणसाचा जानेवारीतच व्हॉट्सअॅप आला होता, हॅपी न्यू इयर सर, या वर्षीचे डॉक्युमेंट्स पाठवा, लवकर दिलेत तर डिस्काउंट. मी उत्तर दिलं नाही. दिवाळीला त्या गुजराती आजींना चकल्या आणि चिवड्याचा डबा नेऊन दिला, त्यांनी डबा घेतला आणि आत जाऊन परत एक पाकीट आणलं, एका इन्शुरन्सवाल्याचं.

आईला अजून सांगितलेलं नाही. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणत होती, त्या बँकेतून खातं काढून घे बाबा, एकदा पैसे अडकवले ना त्यांनी.